कोठारवाल्याची कीव

कांडला, १२ नोव्हेंबर १९९०

प्रिय मिलकामावशी,

तू काही हट्ट सोडायची नाहीस! त्या नाटकाला चार वर्षं झाली, तरी पत्रात पुन्हा तेच, की कोठारवाल्या यहुद्याची मला भलतीच कीव येते. येते, येणारच. गावानं जन्मभर त्याच्यावर थुंकायचं, आणि दुष्काळ पडला की त्याच्याच दारात टोपल्या घेऊन उभं राहायचं? नाही उघडलं त्यानं कोठार. मीही नसतं उघडलं. एवढं भांडून झाल्यावर खाली दोनच ओळी तू माझ्या बापसाच्या लिहिल्यास. उरण रोडला ट्रेलरनं उडवलं, मांडीचं हाड मोडलं, सळी घालायची आहे आणि ती बाहेरून विकत आणायची आहे. पैसे पाठव असं कुठंच लिहिलं नाहीस. तेवढी वस्ताद आहेसच तू.

आठवतं ना, मंडळाच्या पोरांनी यहुद्याचा झगा तुझ्याकडं शिवायला टाकला आणि मी माप द्यायला आलो? मी विचारलं, "मावशी, यहुदी दिसतो कसा गं?" तोंडातल्या टाचण्या हातावर काढून तू खदखदून हसलीस. "अरे माठा, तुझं माप कोण घेतंय मग?" मला काय माहीत! आमच्या आळीत तुम्हाला सगळे शनवार तेलीच म्हणायचे. शनिवारी मशीन बंद, बाकी आमच्यासारखेच. मी कणकेचं हे एवढं नाक करून आणलेलं, ते तू कोंबड्यांना टाकलंस आणि तुझ्या यजमानांचा, काकांचा फोटो दाखवलास, "बघ, तुझ्यापेक्षा नकटे होते."

मी चौथीतून उठलेला. ते लांबलचक भाषण तू माझ्याकडून अक्षराखाली बोट धरून वाचून घेतलंस. अडलो की म्हणायचीस, "थांब, पुढं पळू नकोस." आज तुला चार पानं लिहू शकतो ती त्यामुळं. भांडणही तिथंच लागलं आपलं. मला वाटलेलं, तुमच्यातला माणूस म्हणून तू त्याची बाजू घेशील. तर तू म्हणालीस, "दादू, कीव मलाही येते. पण कीव आली म्हणून तो बरोबर ठरत नाही. त्याच्या दाराबाहेर उपाशी पोरं बसलीत." मी रागानं उठून गेलो होतो.

आणि मग प्रयोगाच्या दिवशी बापूस सरळ स्टेजवर चढला. चिकटवलेली दाढी त्यानं सगळ्यांसमोर ओढली, गालाची सालटी निघाली. "ह्या विठूचं पोर तोंडाला केस लावून नाचतंय? माज्या घरात आता तुला जागा नाय." लोक हसले. त्यांना वाटलं, हेही नाटकातच आहे. तू एकटी आत आलीस. खोबरेल लावून डिंक सोडवत बसलीस, मला उगी म्हणाली नाहीस, त्याला नावं ठेवली नाहीस. मी कोठारवाल्याची बाजू का सोडत नाही, ते तुला तेव्हाच कळलं असणार.

एक गोष्ट मात्र तुला कधी सांगितली नाही. त्या दिवशी त्यानं मला न्हावा शेव्याला बंदराच्या कामावर चिकटवायचं ठरवलं होतं. मुकादमाकडं तीन खेपा मारल्या होत्या त्यानं. सकाळी तो नाक्यावर माझी वाट बघत राहिला आणि मी तालमीला पळालो होतो.

तुझं पत्र येऊन अठरा दिवस झाले. पैसे पेटीत होते, मी ती उघडली नाही. गेल्या रविवारी आमच्या क्रेनवरच्या उदयसिंहाला ते नाटक सांगत बसलो. यहुद्याचं दुःख अगदी रंगवून सांगितलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "वो सब ठीक है भाई, बच्चों का क्या हुआ?" मावशी, मला आठवेना. बघ ना, चार महिने तालीम केली, त्याचं भाषण अजून पाठ आहे, आणि पोरांचं काय झालं ते ठाऊक नाही. त्या प्रवेशाला मी आत झगा बदलत असायचो.

कीव मला अजून येते त्याची, तू काही म्हण. पण मला तो व्हायचं नाही, हे तुला सांगायला लिहायला बसलो. मनीऑर्डर तुझ्याच नावानं करतोय. पोस्टमन नेमका शनिवारी आला तर त्याला सोमवारी ये म्हण, तुझा नेम माझ्यापायी मोडू नकोस. सळी तू स्वतः आणून दे. बापसाला माझं नाव सांग. तो शिव्या देईल, देऊ दे. आणि काहीच बोलला नाही, तर कसा पडून होता, कुठं बघत होता, एवढं मला लिही. रुपये पाठवतोय नऊशे चाळीस.

तुझाच,
दादू