कांचनाला नख

१० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. शस्त्रक्रियेनंतर गुडघा कितपत वाकतो, ते आधी कळव. इथे पंचाईत झाली आहे. फाटकापुढे पदपथ बांधणार म्हणून नगरपालिकेचे निरीक्षक आले होते. वाटेतलं झाड जिवंत असेल तर पदपथ वळवणार, वठलेलं असेल तर तोडणार. तुझ्या कांचनावर एकही पान नाही. खोडावर लाल फुली मारून गेले. तीन फेब्रुवारीला शेवटचं बघणार आहेत.

लहानपणी तुझं पहिलं रोप मेलं समजून मी उपटलं आणि मुळं ओली निघाली, हे तू चाळीस वर्षं ऐकवते आहेस. हेही गेलं तर तुला तोंड कसं दाखवू?

झाड राहो न राहो, लोभ राहू दे.
तुझा धाकटा

१५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. लेकीकडे भिंत धरून येरझारा घालते आहे. रडगाणं पुरे. कांचन थंडीत पानं टाकतो. आधी फुलं, मग पानं. तीस वर्षं वर्गात हेच शिकवलं आणि दिव्याखाली अंधार! एका डहाळीची साल नखाने किंचित खरवड. आत हिरवं दिसलं की झाड जिवंत. मग हात खिशात घाल.

भावजयीला आशीर्वाद, तुला दटावणी.
ताई

२२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. हिरवं दिसलं! पण दुसऱ्या दिवशी वाटलं, ती एकच डहाळी जिवंत असली तर? म्हणून दुसरी पाहिली, मग तिसरी. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी त्याच डहाळ्या नव्या जागी खरवडून पाहतो. तुझी भावजय म्हणते, बंद घड्याळाचं झाकण उघडतात हे ठाऊक होतं, तुम्ही चालू घड्याळाचंही उघडता. आज त्यातल्या दोन डहाळ्या आतून तपकिरी निघाल्या. ताई, हे माझ्यामुळे तर नाही ना?

रागाव, पण लगेच लिही.
धाकटा

२६ जानेवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. तुझ्यामुळेच. सगळीकडून साल सोलल्यावर डहाळी वाळेल नाही तर काय? घड्याळजी, झाडाला झाकण नसतं! डॉक्टर पंधरा फेब्रुवारीपर्यंत सोडत नाहीत, नाहीतर काठी टेकत आले असते. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, हे लेकीला सांगितलेलं नाही. तुझं भिंग आहे ना? डोळ्याला लाव, हात पाठीमागे बांध आणि डहाळीचं टोक बघ.

तुझी नखं सोडून माझा सगळ्यांवर लोभ आहे.
ताई

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. काल निरीक्षक आले आणि खिशातून चाकू काढला. साल तासून बघतो म्हणाले. मी आडवा उभा राहिलो. म्हटलं, या झाडाला आता कोणीही नख लावायचं नाही. ते चिडले. मग डोळ्यावरचं भिंग काढून त्यांच्या हातात दिलं आणि दुकानातलं स्टूल झाडाखाली ठेवलं. चढले. म्हटलं, डहाळीच्या शेंड्याला बघा, कळी आहे, मनगटी घड्याळाच्या किल्लीएवढी. त्यांनी एकेक डहाळी भिंगाखाली धरली. मग म्हणाले, इकडे आणखी एक आहे. अकरा मोजल्यावर उतरले आणि फुलीवर स्वतः चुना फासला.

मी खरवडलेल्या त्या दोन डहाळ्यांवर मात्र काही नाही. आधीच सांगून टाकतो.
तुझा अपराधी धाकटा

८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. पत्र तीनदा वाचलं. सोळाला येते. फाटकापाशी खुर्ची ठेव.

पहिल्या रोपाचा विषय आजपासून बंद. त्या दोन डहाळ्यांचा सुरू.
तुझी ताई