टेसाच्या पहिल्या रायफलीबाबत

मी, मर्ल हॉफर, वय वर्षे बहात्तर, निवृत्त सुतार, राहणार पॉटर काउंटी, पेनसिल्वेनिया, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. उजवा खांदा नाही, आणि या कागदात जे लाजिरवाणं आहे ते त्या खांद्यापासूनच सुरू होतं. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी स्वतःला बराच भला माणूस ठरवलं होतं.

कलम १. घर, त्याखालची जमीन आणि बँकेत जे उरेल ते माझी एकुलती मुलगी रोक्झान हिला. मागचं दार फुगून अडकतं. सुताराच्या घरचं दार आहे, पण आहे तसं घ्यावं.

कलम २. सुतारकामाची हत्यारं गावच्या शाळेला. धाकटा भाऊ वॉर्ड याला काहीही नाही. झाडं कापायची माझी करवत त्याने मागे कधीतरी नेली ती परत आणलीच नाही; तीच त्याचा वाटा समजावी.

कलम ३. रानातल्या शिकारीच्या कॅम्पमधला माझा हिस्सा रोक्झानलाच; त्यामुळे तिच्या मुलीला, टेसाला, तिथे हक्काने येता येईल. यावंसं वाटलं तर.

कलम ४. रायफली. इथे जरा लांबण लागेल.

टेसा गेल्या वर्षी बारा वर्षांची झाली, म्हणजे हरणाच्या शिकारीच्या वयाची. पहिली रायफल कोणत्या कॅलिबरची, म्हणजे केवढ्या गोळीची, घ्यावी हे आमच्याकडे सगळे मलाच विचारतात. तिनेही विचारलं, कॅम्पवर जेवताना, सगळ्यांदेखत.

"पॅप, आजीची टू-फोर्टी-थ्री चालेल का मला? खांद्याला दणका कमी बसतो म्हणे."

माझी बायको ओपल आता नाही. तिने जन्मभर त्याच हलक्या रायफलीने हरणं मारली, आणि एका हरणासाठी दुसरी गोळी तिला क्वचितच झाडावी लागली. तरी मी म्हणालो, "त्याने खारी मार. हॉफरांची नात ना तू? आपल्यात थर्टी-ऑट-सिक्स वापरतात."

"खांदा निखळेल पोरीचा," रोक्झान म्हणाली.

"माझा निखळला का?"

सगळे हसले.

खरी गोष्ट अशी की, खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून थर्टी-ऑट-सिक्सचा पुरा दणका मलाच सोसत नाही. मी तळघरात स्वतः काडतुसं भरतो, दारू कमी घालतो, गोळी हलकी बसवतो आणि ती दुकानच्या खोक्यात ठेवतो, कॅम्पवर कुणाला कळू नये म्हणून. टेसाला दुकानची दिली, पुऱ्या ताकदीची. माझ्यातली दिली असती तर माझं बिंग फुटलं असतं.

सरावातच तिला धसका बसला. चाप ओढताना ती डोळे मिटायची. मी ते पाहिलं आणि "होईल सवय" म्हणालो. हंगामाच्या पहिल्या दिवशी नर हरिण समोर शांत उभं होतं. तिने डोळे मिटले आणि गोळी पोटात लागली. अंधार पडेपर्यंत आम्ही रक्ताचा माग काढला. ओढ्यापाशी माग संपला; हरिण सापडलं नाही.

ज्याचं हरिण सुटतं त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापून आमच्याकडे भिंतीला ठोकतात. वॉर्डने कात्री काढली. "चल गं, वळ. शर्ट नवा दिसतोय, वाईट वाटतं," तो म्हणाला. टेसा रडली नाही. सगळ्यांबरोबर मीही हसलो. त्या हसण्याची मला जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाची वाटत नाही. त्यानंतर तिने रायफलीला हात लावला नाही, आणि माझ्याकडे जेवायला येणंही सोडलं.

म्हणून ओपलची टू-फोर्टी-थ्री मी टेसाला देत आहे.

एवढं लिहून सही करणार होतो. शेजारीण ग्लेंडा स्ट्राउब साक्षीला आली होती. तिने कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे तू मेल्यावर तिला हे कळणार?"

"मृत्युपत्र तसंच असतं, ग्लेंडा."

"बरं सोयीचं आहे रे तुला."

सही तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी ओपलची रायफल घेऊन मी टेसाकडे गेलो आणि वरचं सगळं तिला तोंडाने सांगितलं, काडतुसांसकट. ती पायरीवर बसून ऐकत होती.

"ते हरिण किती वेळ जगलं असेल, पॅप?"

"रात्रभर, कदाचित."

"आणि मला वर्षभर वाटतंय, मीच भित्री."

मी रायफल पुढे केली. तिने घेतली नाही.

"आधी कॅम्पवर सांग. सगळ्यांना. मग आण."

तेव्हा कलम ४ दुरुस्त करून लिहितो. येत्या २५ तारखेला, हंगामाच्या पहिल्या सकाळी, हे मी स्वतः सांगेन. त्याआधी मला काही झालं, तर ग्लेंडाचा नवरा लमार याने हा कागद कॅम्पवर न्यावा आणि न्याहारीआधी हे कलम मोठ्याने वाचावं, वॉर्ड समोर असताना, एकही शब्द न गाळता. तोवर रायफल टेसाला देऊ नये.

आणि त्या सकाळी मी जिवंत असूनही गप्प बसलो, तरी लमारने वाचावं. मी तिथेच बसलेला असेन.

लिहून ठेवणार: मर्ल हॉफर (सही)

आमच्यादेखत, शुद्धीवर असताना, दोनदा पेन खाली ठेवून मग सही केली:
ग्लेंडा स्ट्राउब (सही)
लमार स्ट्राउब (सही). कागद माझ्या ताब्यात आहे.

पॉटर काउंटी, पेनसिल्वेनिया
१४ नोव्हेंबर २०२३