सुनेच्या हाती मोटार

सोमवार, १० जानेवारी १९३८

यांचा हात मोडला! सकाळी थंडीने इंजिन धरेना, म्हणून हँडल मारायला गेले. उलटा झटका बसला. उजवं मनगट. मी चुलीपाशी होते. ओरडणं ऐकून धावले, तर हे ओट्यावर बसलेले, तोंड पांढरंफटक. टांग्याने दवाखान्यात नेलं. स्वतःची फोर्ड दारात आणि आम्ही टांग्यात! डॉक्टरांनी हाड बसवून हात प्लास्टरमध्ये घातला.

आणि परवा हॉलंडच्या दोन बाया येणार. मुक्काम जळगावात, रोज अजिंठ्याची लेणी पाहायला जायचं, संध्याकाळी परत. स्टेशनमास्तरांनी आमचीच गाडी ठरवून दिलेली. स्टेशनवर भाड्याची मोटार दुसरी एकच – उखर्डूची. त्याला सकाळीच बातमी लागली म्हणे. तब्येत विचारायला आला तो गाडीकडेच बघत होता.

मंगळवार, ११ जानेवारी

हे म्हणाले, "उद्या गाडी तू ने."

मला वाटलं तापात बोलताहेत. पण नाही! "लायसन काय भिंतीवर लावायला काढलं?" म्हणाले.

लायसन आहे खरं. गेल्या वर्षी मेहरूणच्या तळ्याकाठी यांनी मला गाडी शिकवली. लोक बोरं खायचं सोडून बघायचे. मग पोलीस कचेरीत घेऊन गेले. साहेब हसला. पण आवारात गाडी उलटी घेऊन दाखवली तेव्हा त्याने मुकाट सही केली. तेव्हापासून तळ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच. अजिंठा म्हणजे पस्तीस मैलांच्या वर, वाटेत बाजार, ओढे, कापसाच्या गाड्या!

नाना – माझे सासरे – ऐकून ताटावरून उठले. "घरनी बाई भाडानी मोटर हाकी? लोक काय म्हनतीन?"

सासूबाई भाकरी थापत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "एकली कशी जाशी? मी येस तुना संगे."

बुधवार, १२ जानेवारी

गेले! आले! आणि गाडीला ओरखडासुद्धा नाही!

नीट लिहिते. सकाळी स्टेशनवर पोचलो तर उखर्डू आधीच हजर. दोघी बायांना हातवारे करून सांगत होता, बाई चालवणार, खड्ड्यात घालणार. एक बाई उंच, भुरे केस, चित्रं काढणारी. दुसरी ठेंगणी, चष्मेवाली. मी गाडीतून उतरले. नऊवारी, अंबाडा, पायात यांचे जुने बूट. उंच बाईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी हँडल लावलं – अंगठा बाहेर ठेवून, हे सांगतात तसं – आणि एका झटक्यात इंजिन चालू! चष्मेवाली बाई टाळ्या वाजवत मागच्या सीटवर जाऊन बसली. उंच बाई तिच्या मागोमाग. उखर्डू बघत राहिला.

सासूबाई पुढे, माझ्या शेजारी. मांडीवर बोरांची टोपली – नानांच्या बागेतली. एका हाताने टोपली धरलेली, दुसऱ्या हाताने दार. नेरी गावापर्यंत तसंच. मग हळूच, "पाऊस नही, वारा नही, तरी पदर उडस!"

पहूरला बाजार. गर्दी इतकी की गाडी मुंगीच्या चालीने. नानांचे चुलतभाऊ कौतिकभाऊ पहूरलाच असतात. ते गाडीला आडवेच आले. "हाई तं रुपचंदनी सून दिखस! आंडोर कोठे शे तुना?" रुपचंद हे नानांचं नाव. कौतिकभाऊंनी सासूबाईंना मुलाचं विचारलं. सगळा बाजार गोळा झाला. मला वाटलं, आता सासूबाई पदर ओढून खाली बघणार.

त्या उभ्याच राहिल्या गाडीत! मोठ्याने म्हणाल्या, "आंडोरना हात मोडना. हाई मनी वहू शे. मोटर तीच हाकस. बाजूले व्हा!"

बाजूला झाले.

फर्दापूरच्या अलीकडे निजामाच्या हद्दीचा नाका. शिपाई म्हणाला, "ड्रायव्हर किधर है?" मी म्हटलं, मीच. त्याने मागे बघितलं, डिकीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. लायसन तिकडून इकडून फिरवून पाहिलं आणि सलाम ठोकला. मला! आजवर कुणी ठोकला नव्हता.

लेण्यांत मी गेले नाही, गाडीपाशी थांबले. संध्याकाळी घरी आलो तर हे फाटकात उभे, हात गळ्यात अडकवलेला. गाडीभोवती फिरून चारी चाकं बघितली. मिशीत हसत होते, मी पाहिलं.

नाना जेवले नाहीत आमच्याबरोबर.

गुरुवार, १३ जानेवारी

आज चष्मेवाल्या बाईने हाताला धरून आम्हालाही लेण्यांत नेलं. इतकी वर्षं इथे राहून आम्ही कुणी पाहिली नव्हती. हे शेकडो माणसांना दारापर्यंत सोडून आले, आत कधी गेले नाहीत!

भिंतीवर बायका. काळ्यासावळ्या, मोठ्या डोळ्यांच्या, हातभर बांगड्या. एक आरशात बघते आहे. सासूबाई किती वेळ तिच्यासमोर उभ्या. उंच बाई खाली बसून चित्र काढत होती ते सोडून सासूबाईंकडे बघायला लागली. मग सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या, "दोंडाईचाले मनी माय अशीच दिखे." डोळे पुसले. "आते मरनू तरी चाली."

परत येताना वाकोदजवळ चाक पंक्चर. दोघी बाया घाबरल्या. मी पदर खोचला, जॅक लावला. सासूबाईंनी नट ओच्यात धरले. तेवढ्यात मागून धूळ उडवत उखर्डूची गाडी. मी म्हटलं, झालं, आता हा हसणार. त्याने थांबून काच खाली केली. "वहिनी, पाना पाहिजे का?" मी म्हटलं, आहे. तो गेला. पण "वहिनी" म्हणून गेला!

शुक्रवार, १४ जानेवारी

संक्रांत. आज गाडी नाही, बायांनीच सुट्टी घेतली. दोघी घरी आल्या. भरीत-भाकरी खाल्ली, उंच बाईला ठेचा लागला, पाणी पाणी झालं. तिळगूळ दिला. नाना बाहेर खाटेवर. तिळगूळ द्यायला गेले तर घेतला. "गोड बोल" म्हणाले. आणि कूस वळवली.

यांची बोटं सुजलेली आहेत. मी शेकायला गेले तर हात मागे घेतला. दुखत असणार.

शनिवार, १५ जानेवारी

अक्षर वेडंवाकडं येतंय.

आज बायांना लेण्यांचा डोंगर वरून बघायचा होता. म्हणजे फर्दापूरच्या पुढे घाट चढायचा. यांनी काल रात्री दहादा सांगितलं होतं, "उतरताना पहिला गियर. ब्रेकच्या भरवशावर राहू नको." चढताना गाडी तापली, थांबून पाणी घातलं. वर पोचलो. खाली वाघूर नदी अर्धगोल फिरलेली आणि कड्यात ओळीने लेणी! उंच बाईने चित्राची वही उघडलीच नाही, नुसती बसून राहिली.

उतरताना पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला – पाय खाली गेला तो खालीच. काही लागेना. पुढून कापसाची बैलगाडी वर येतेय, एका बाजूला दरी. गियर पहिलाच होता. मी हातब्रेक ओढला, गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. कडेच्या मातीच्या ढिगाऱ्यात चाकं घुसवली. खडखड, खडखड... थांबली. बैलगाडीवाला खाली उडी मारून बैलांच्या शिंगांना लोंबकळला. गाडी आणि बैल, मधे हातभर जागा.

सासूबाई रोजच्या बोरांच्या टोपलीवर पडल्या होत्या. उठून आधी मला चाचपलं. "लागनं का तुले?" नाही म्हटलं. मग त्या रडल्या.

ब्रेकची सळई निसटली होती. तारेने बांधली आणि पाऊल पाऊल करत घाट उतरले. खाली आल्यावर उंच बाई गाडीतून उतरली, माझ्या दाराशी आली आणि पुरुषांशी करतात तसा हात पुढे केला. मी हात दिला. ग्रीस लागलं तिला.

घरी सांगितलं तर हे एवढंच म्हणाले, "गियर?"

"पहिला."

यांनी डाव्या हाताने माझं डोकं जवळ ओढलं. सगळ्यांसमोर!

रविवार, १६ जानेवारी

बाया कलकत्ता मेलने गेल्या. स्टेशनवर सोडायला नानाही आले! धोतर-फेटा नवा. मागच्या सीटवर बसले. प्लॅटफॉर्मवर कौतिकभाऊ भेटले, काही कामासाठी आलेले. नानांना म्हणाले, "पहूरले दखी मी, तुनी सून मोटर हाकस?"

नाना खाकरले. म्हणाले, "बठ्ठा खान्देशमा दुसरी दखाड!"

मी तिकडे बघितलंच नाही. ऐकलं मात्र पुरतं – अख्ख्या खान्देशात दुसरी दाखव!

मंगळवार, २५ जानेवारी

दोनदा पहूर, एकदा अजिंठा. आज उखर्डूची गाडी बंद पडली, त्याची सवारी मी पोचवली.

गुरुवार, ३ मार्च

प्लास्टर काढलं. मनगट वळत नाही, मूठ मिटत नाही. मिटणारही नाही. डॉक्टरांनी यांना हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि एवढे दिवस यांनी घरात कुणाला कळू दिलं नाही.

मी दवाखान्याच्या पायरीवर रडले. हे म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतं तर तू पोटासाठी चालवली असतीस. मला तुझी हौस बघायची होती. बघितली."

उद्या मद्रासचं कुटुंब येतंय. हे माझ्या शेजारी बसणार आहेत.