जावई प्रणय यास घर देण्याचं कारण

मी, रत्नमाला सखाराम निकाळजे, वय ६४, राहणार छावणी, छत्रपती संभाजीनगर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते.

१. शिलाई मशीन, पोस्टातली ठेव आणि बोरमाळ नात तनुजा हिला. तिचा घसा दुखून ताप आला तर काढ्यावर भागवू नये, डॉक्टरला दाखवावं.

२. दोन खोल्यांचं घर जावई प्रणय हिवराळे याला. ज्याच्याविरुद्ध मी पोलिसात अर्ज दिला त्यालाच घर कसं, असं भावकी विचारील. म्हणून कारण लिहिते.

माझी मुलगी विशाखा अकरा वर्षांची असताना असाच घसा दुखला, मग गुडघे सुजले. डॉक्टर म्हणाले, या तापानं हृदयाची झडप खराब झाली आहे. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. स्थळं येऊ लागली तेव्हा मी इंजेक्शनं बंद केली आणि दवाखान्याचं कार्ड जाळलं. शेंद्र्याला कारखान्यात कामाला असलेल्या प्रणयशी लग्न लावलं. त्याला किंवा त्याच्या घरच्यांना काहीच सांगितलं नाही.

दिवस गेले तेव्हा सहाव्या महिन्यात विशाखाला उताणं झोपता येईना.

"आई, डॉक्टरीणबाईला सांगू का गं?"

"नाय. पोटुशीला दम लागतोच. सासरी कळलं तर माघारी धाडतील."

तिनं माझं ऐकलं. आठव्या महिन्यात फुप्फुसात पाणी भरलं. डॉक्टरांनी विचारलं, आधी हृदयाचा आजार होता का? प्रणय "नाही" म्हणाला. मी शेजारीच उभी होते. तनुजा वाचली, विशाखा तिसऱ्या दिवशी गेली.

जावयानं दवाखान्यात न्यायला उशीर केला, असं मग मी गावभर सांगितलं. ते खोटं आहे. उशीर माझा होता. तो वर्षभर पोलीस ठाण्यात खेटे घालत होता, तरी दर रविवारी तनुजाला माझ्याकडे आणत राहिला.

३. एवढं वाचून शेजारचे पुंडलिकराव म्हणाले, "ताई, मेल्यावर कशाला? आजच सांगा." मी प्रणयला बोलावलं. त्यानं कागद दोनदा वाचला.

"इलाज होता?"

"व्हय. नळीतून फुगा नेऊन झडप उघडतात. गरोदर बाईचीसुद्धा."

तो चहा न घेता उठून गेला.

त्यानं घर नाकारलं तर आग्रह करू नये. ते तनुजाचं व्हावं. बाकी वरचा एकही शब्द मी बदललेला नाही.

सही: रत्नमाला स. निकाळजे

आमच्यासमोर सही केली:
१. पुंडलिक मगरे
२. जमिला शेख

छत्रपती संभाजीनगर, १७ नोव्हेंबर २०२५