अंग तपासलं, निरंक

४ मार्च

पोचले एकदाची. शेवटचा टप्पा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आले, हाडं खिळखिळी झाली आहेत. पण नोकरी कायमची आहे आणि खोलीला खिडकी आहे, तेव्हा कुरकुर करायची नाही असं ठरवलंय. बाहेरून विकत आणलेली गुरं कळपात सोडण्याआधी इथे वेगळी ठेवतात, रक्त तपासतात, अंगावरच्या गोचिड्या काढतात आणि मगच पुढे पाठवतात. पाटीवर भलंमोठं नाव आहे, सगळे नुसतं केंद्र म्हणतात. मी इथली नवी पशुवैद्यकीय मदतनीस.

खोलीत दोन लोखंडी कॉट. एक माझी, एक मावशींची. मावशी इथल्या सफाई कामगार, स्वयंपाकही त्याच करतात, आणि खरं सांगायचं तर केंद्र त्याच चालवतात. मी दारात उभी राहिले तशी बॅग काढून घेतली, माझा दंड चाचपला आणि घरी उपाशी ठेवत होते का म्हणून विचारलं. चहा होईपर्यंत माझं मोडलेलं लग्न, आईचा गुडघा आणि भावाची नापास व्हायची सवय, सगळं माझ्याकडून काढून घेतलं. मला कोणी इतकं पटकन उलगडलेलं आठवत नाही.

संध्याकाळी साहेबांनी, म्हणजे इथल्या पशुवैद्यांनी, नियम सांगितले. दारातल्या औषधी पाण्यात बूट बुडवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आणि रोज संध्याकाळी अंगाची तपासणी, जोडीजोडीने. बायकांची बायकांनी, पुरुषांची पुरुषांनी, केसांपासून पायाच्या बोटांपर्यंत. काही सापडलं नाही तर दारामागच्या फळ्यावर नावापुढे 'निरंक' लिहायचं. गाईची गोचीड आपण काढू, पण आपली काढायला दुसरं कोणी लागतं, असं साहेब म्हणाले. मावशींनी फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे दिलं. माझं अक्षर सुंदर आहे म्हणे. अजून पाहिलं कुठे त्यांनी, पण कौतुक कोणाला नको असतं?

८ मार्च

तांबड्या गाईंचा पहिला ट्रक उतरला. गोचिड्या कुठे नव्हत्या ते विचारा. कानात, आचळांच्या फटीत, शेपटीखाली. रक्त पिऊन टम्म फुगलेल्या. चिमटा कातडीला टेकवून सरळ ओढायचा, नाहीतर तोंड आतच राहतं. दिवसभर वाकून पाठीचा कणा वेगळी नोकरी शोधायला लागलाय.

तपासणी म्हणजे मला तर चैन वाटते. मावशी कॉटवर मागे बसतात, अंबाडा सोडतात आणि बोटं फिरवतात. आई माझ्या केसांना छप्पर म्हणते, तेल लावायचं म्हटलं की तिला मरण येतं. मावशी मात्र कंटाळत नाहीत. मला तर झोपच लागते. मग त्या पेपर उघडून माझं राशिभविष्य वाचतात. रोज चांगलंच निघतं. आज धनलाभ आणि वरिष्ठांची मर्जी. मी म्हटलं, साहेबांना कोणी कळवलंय का हे. मावशी पोट धरून हसल्या.

११ मार्च

आज माझ्या हातून एक वासरू उठलं. काल त्याचे मागचे पाय लटपटायला लागले, आज सकाळी पुढचेही गेले. मान टाकून पडलं होतं, तोंड उघडायचं पण हंबरता येत नव्हतं. साहेबांनी औषधाला हातही लावला नाही. गोचीड शोध म्हणाले. एखाद्या मादीच्या लाळेत असं विष असतं की ती चिकटून रक्त पीत राहते तोवर अंग खालून वर लुळं पडत जातं. आधी पाय, मग हात, म्हणजे वासराचे पुढचे पाय, मग घसा, मग श्वास. मी इंच इंच चाचपलं. कानाच्या मुळाशी एक सापडली, एरंडाच्या बीएवढी. ओढून काढली. संध्याकाळी पठ्ठ्या उभा राहून आईला ढुशा देत होता. एवढ्याशा किड्याने एवढं जनावर आडवं केलं होतं! मला आज स्वतःचा फार अभिमान वाटतोय, तो लिहून ठेवते.

१३ मार्च

दुसऱ्या ट्रकमधल्या गाई तापाने फणफणल्या. साहेबांनी रक्ताचे नमुने घेतले आणि ते शहराच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. तिथून फोन आला की अहवाल येईपर्यंत केंद्र बंद. फाटकाला कुलूप. जे आत ते आत, जे बाहेर ते बाहेर. आत मी आणि मावशी. गुराखी दादा सुट्टीवर होता, तो बाहेरून खिडकीवाटे वैरण ढकलतो आणि लांब पळतो, आम्ही चावणार असल्यासारखा.

पाण्याचा टँकरही आत येत नाही. गुरांना पाजून उरलं तर आपलं. केस धुवायचे राहिले आहेत. तपासणी झाली. निरंक.

१५ मार्च

पायांना मुंग्या येताहेत. दारातल्या औषधी पाण्यात बूट बुडवताना तोल गेला आणि चक्क बसलेच त्यात. मावशी म्हणाल्या, गुरांच्या आधी तूच निर्जंतुक झालीस. जेवत नाहीस म्हणून दोन घास जास्त वाढले. अंग तपासलं, निरंक.

१६ मार्च

गुडघे माझे नाहीत असं वाटतं. गोठ्यातून येताना भिंत धरत आले.

वासरू आठवलं. आठवणारच. साहेबांना फोन लावला. त्यांनीही पहिलं हेच विचारलं, तपासणी नीट होते ना. मी म्हटलं, रोज, मावशी करतात. मग ते नसेल, म्हणाले. मावशींच्या हातून इतक्या वर्षांत एकही गोचीड सुटलेली नाही. त्यांना गाईंच्या तापाची शंका आहे, तो माणसांना लागतो. पडून राहा, कोणाजवळ जाऊ नको.

तरी मावशींना पुन्हा तपासायला लावलं. केस, काखा, जांघा, बेंबी. त्यांनी जीव लावून तपासलं. काही नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. भीती वाटते.

१७ मार्च, सकाळ

उठता येत नाही. हात कॉटवर टेकलेला असला की लिहिता येतं, वर उचलत नाही. डोक्यापर्यंत तर नाहीच. जीभ जड झाली आहे. आईला फोन लावून घेतला, माझं बोलणं ऐकून तिने राँग नंबर म्हणून ठेवला.

दुपार

आवाज गेला. नुसती हवा येते.

मावशी उशाशी बसून राशिभविष्य वाचत होत्या. प्रकृतीत सुधारणा, घरी आनंदवार्ता. मी मान कलती करून पेपरकडे पाहिलं. मला बरं वाटावं म्हणून काय काय जोडतात ते बघावं म्हणून.

त्या पानावर राशिभविष्य नव्हतं. निविदा होत्या. आणि पान उलटं होतं.

मी डोळे मोठे केले, तोंड वाकडं केलं. मावशी त्या उलट्या पानाकडे बघत वाचत राहिल्या. त्यांच्या बुबुळांवर दुधाची साय आहे. इतके दिवस मी पाहिलंच नाही. दिवसभर मी गोठ्यात, आणि संध्याकाळी त्या पाठीमागे बसायच्या ना.

मावशींना दिसत नाही. माझं अंग कोणी तपासलेलंच नाही.

नंतर

या वहीचं पान फाडलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं. मावशी, केस कापा. गोचीड आहे. दादाला बोलवा. पान त्यांच्या हातात सरकवलं. त्यांनी ते डोळ्यांसमोर धरलं, मान हलवली. सुंदर अक्षर आहे म्हणाल्या. साहेबांना देते म्हणाल्या. घडी घालून कमरेला खोचलं.

राग नाही आला. नोकरी जाईल म्हणून कोणाला सांगितलं नसेल. रडू आलं. ते त्यांना कळलं, गाल पुसला.

१८ मार्च

गिळता येत नाही. पाणी नाकातून —

मावशींनी साहेबांना फोन केला. त्यांना बटणं बोटांनीच कळतात. मी इथून ऐकत होते. गाडी निघणार आहे, पण फाटकाची परवानगी हवी, अंगभर संरक्षक कपडे घातलेली माणसं हवीत, त्यामुळे उद्या सकाळी. मग साहेबांनी काहीतरी विचारलं. मावशी म्हणाल्या, हो तर, आत्ताच पाहिलं, पोरीचं सगळं अंग स्वच्छ आहे, शपथेवर सांगते.

मी कॉटची कड नखाने खाजवली. आवाज झाला असेल एवढासा. मावशींनी हात हातात घेतला.

संध्याकाळ

श्वास वर वर. मोजका.

मला जगायचंय. उगाच नाही, मला खरंच — आईला —

मावशी जवळ आल्या. मांडीवर डोकं घेतलं. अंबाडा सोडला. बोटं फिरताहेत, हळू. म्हणतात, तपासणी चुकवायची नाही, नियम आहे. म्हणतात, घाबरू नको बाळा, तू नशीबवान आहेस, तुझ्या कानामागे ही मस आहे ना, तशीच माझ्या लेकीला आहे, तिचं बघ किती चांगलं झालं. रोज हाताला लागते. कंगवा लागून दुखू नये म्हणून किती जपते मी, कंगवा बाजूनेच —

मला तिथे मस नाही

मावशी मला कधीच

मस ना