दोरीला हात

प्रिय गिरिजावहिनी,

हे पत्र तानाजीच्या हाती देतोय. तो आमच्या वर्कशॉपमधला, सुट्टीवर घरी येतोय. फोनवर बोललो असतो, पण तुझा फोन पडवीत स्पीकरवर असतो आणि तू तोंड उघडायच्या आत गणपतकाकाच उत्तर देतो. अक्षराला हसू नकोस. आठवीत शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणाले होते, पोरा, तुझ्या अक्षराला औषध नाही.

मी बरा आहे. दुक्मचं काम सोडलं, सहमला एका दुकानात राहिलो, तिथेही जीव रमला नाही. आता इथे मस्कतमध्ये, वादी कबीरला, एसी दुरुस्तीवर आहे. याच्या पायाला चाक लागलंय असं तू म्हणतच असशील. म्हण. काकाने पाठवलेले कागद मिळाले. आपली किनाऱ्यावरची जागा, होडी-जाळी ठेवायच्या मांगरासकट, मुंबईच्या पार्टीला हॉटेलसाठी द्यायची, त्यावर तुझी नि माझी सही हवी. काका म्हणाला, दादा गेल्यापासून वहिनीला तो मांगर बघवत नाही, तिची सही झाल्यातच जमा. मग मीही करणार होतो. तुला बघवत नसेल तर इतक्या लांब बसून मी कोण नको म्हणणारा? पेनसुद्धा काढलं होतं. तेवढ्यात अर्बाब, म्हणजे आमचा मालक, म्हणाला, यल्ला, गाडी काढा, एका हॉटेलचे एसी बंद पडलेत.

गाव समुद्राकाठचं. नाव सांगत नाही, मलाच अजून नीट म्हणता येत नाही. पूर्वी सगळी कोळ्यांची वस्ती. आता ओळीने हॉटेलं, वाळूत छत्र्या, छत्र्यांखाली गोरी माणसं लाल होईपर्यंत पडलेली. तानाजी म्हणाला, आपली आई आपल्याला उन्हातून घरात ओढायची, हे बघ पैसे देऊन भाजून घेतायत. हॉटेलच्या बागेत एक जुनी होडी ठेवलीय, तिच्यात माती भरून फुलझाडं लावलीत. मला कसंतरीच झालं. दादाने आपली होडी उलटी करून तिला डांबर लावतानाचा वास आला एकदम.

पण वहिनी, सगळं वाईट नाही, खरं ते लिहितो. काउंटरवर हिबा नावाची मुलगी होती, त्याच गावातली. ती होडी तिच्या आजोबांची. मी विचारलं, वाईट नाही वाटत? ती हसून म्हणाली, भय्या, होडी असती तर मी मस्कतला कुणाच्या तरी ऑफिसात असते, हॉटेल आहे म्हणून रोज घरी जेवते. घरी जेवणं म्हणजे काय ते मला विचार.

रात्री हॉटेलातच मुक्काम होता, दुसऱ्या दिवशी पहाटे झोप येईना म्हणून किनाऱ्यावर गेलो. छत्र्या संपतात तिथे हिबाचे आजोबा, सालिमचाचा, आणि चारपाच जण जाळं ओढत होते. अगदी आपली रापण! जाळं पाण्यात अर्धगोल पसरलेलं, दोन टोकांच्या दोऱ्या वाळूवर. हॉटेलवाल्यांनी सांगून ठेवलंय की पाहुणे उठायच्या आत आटपा, म्हणून घाई. मला राहवलं नाही. चपला टाकल्या, धावत गेलो, दोरी धरली, टाच वाळूत रोवली आणि मागे रेललो. तोंडातून हैश्यासुद्धा निघालं. आणि सगळे हसायला लागले. म्हातारा ओरडला, अरे रफीक, म्हणजे दोस्ता, छोड, गाडी है ना! मागे बघतो तर दोरीचं टोक पिकअपला बांधलेलं. त्यांच्याकडे आता गाडी ओढते, माणसं फक्त दोरी सरळ ठेवतात. गाडी सुटली ती माझ्या मुठीतून दोरी सर्रकन घेऊन गेली. मी तोंडावर वाळूत. तानाजी खोलीच्या गॅलरीतून बघत होता, तो अजून हसतोय.

जाळं आलं. तारली होती, चांदीसारखी. मी कपडे झटकून निघालो तर चाचाने हाक मारून पिशवीभर तारली माझ्या हातात दिली. मी म्हटलं, मी तर काहीच केलं नाही. तो म्हणाला, दोरीला हात लावलास ना, खलास, वाटा तुझा. वहिनी, मला तिथेच रडू आलं. आपल्या रापणीचाही हाच कायदा. हात लावला त्याला वाटा, मग म्हातारी असो की वाटसरू. तू नवीन लग्न होऊन आलीस तेव्हा हे ऐकून हसली होतीस. खाडीकाठचं माहेर तुझं, तुम्ही एकेकट्याने आपापली पागेरी जाळी टाकणारी माणसं. दादा म्हणाला होता, लाव हात, बघ मिळतो का वाटा. तू घाबरत दोन बोटं लावलीस आणि ओंजळभर बांगडे घेऊन घरी आलीस.

पिशवी धरवेना म्हणून हात उघडून बघितले. दोन्ही तळव्यांवर, बोटांच्या मुळाशी, आडवा लाल पट्टा. सोललेला. मी तसाच वाळूत बसलो, कारण तो पट्टा मी आधी पाहिला होता. मागच्या महिन्यात व्हिडिओवर तू मला वाळत घातलेली कोकमाची सोलं दाखवत होतीस तेव्हा. काय झालं विचारलं तर म्हणालीस, चुलीवर भाजलं. मी मानलंही. तू दोरीला उभी राहतेस, वहिनी. दादाच्या जागेवर. ज्या बाईला मांगर बघवत नाही तिच्या हाताला असे पट्टे उठत नाहीत.

तुला काकाने काय सांगितलं असेल त्याचाही आता अंदाज येतो. अनुपला परत येऊन दुकान टाकायचंय, त्याच्यासाठी जागा सोड, असंच ना? मी असं कधी बोललो नाही. काकाला शिव्या घालू नकोस, गुडघे गेले म्हणून त्याने स्वतः दोरी सोडली, त्याला वाटत असेल तू तरी सुटशील. त्याच्याशी मी बोलतो. कागद कोरेच परत पाठवतोय, ह्याच पाकिटात आहेत, सही नाही. तुला खरंच जागा द्यायची असेल तर तुझ्या तोंडाने सांग, लगेच करतो. पण माझ्यासाठी देऊ नकोस. मी कधी येईन ते मलाच माहीत नाही, इन्शाल्ला म्हणतो आणि कामाला लागतो. आलो तर मात्र मला दोरी धरायला मांगराच्या बाजूचं टोक लागेल, तेवढं ठेव. आणि दोरी मुठीने ओढू नकोस, कमरेने ओढ, दादा तशीच ओढायचा. हाताला खोबरेल लाव. चुलीचं नाव पुन्हा सांगू नकोस. चुलीचं भाजलेलं असं आडवं नसतं.

तुझाच,
अनुप