थांबलं की काडी

माय, धाड गावच्या बाजारात जीपची वाट पाहत बसलोय. जीप भरत नाही, म्हणून लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे पाठवायचा प्रश्न तू होतीस तेव्हाही नव्हता. मधे कापसाच्या जिनिंगवर होतो, मग हार्वेस्टरसोबत फिरलो, तिथं एक ड्रायव्हर होता, रोज नवीन गावात चप्पल हरवायचा... ते जाऊ दे. समोर मिरच्या विकणारी बाई पोराकडून धडा वाचून घेतेय. पोरगं एकेका अक्षराला अडतंय आणि ती त्याला मारत नाहीये. मला त्या पोराचा राग आला.

तू कापूस वेचून यायचीस, बोटं बोंडांनी ओरबाडलेली, चूल पेटवायचीस आणि म्हणायचीस, "काढ पुस्तक." तुला एक अक्षर येत नव्हतं, पण कान होते. मी अडलो की सरपणातून पऱ्हाटीची, कापसाच्या झाडाची, काडी ओढायचीस. "थांबला काऊन बे? थांबला म्हंजे येत नाही." वाळलेल्या पऱ्हाटीला बोंडाची रिकामी टरफलं असतात, टोकदार. मांडीवर त्यांची नक्षी उठायची. म्हणून मी थांबणंच सोडलं. अक्षर नाही लागलं तरी धड्याच्या चित्रात विहीर दिसली की तिच्यापाशी बैल आणायचा, बैलाला तहान लावायची, मालकाला मारून टाकायचं, पान उलटायचं. तू भाकरी थापता थापता हुंकार द्यायचीस. काडी बाजूला पडलेली असायची. त्या वर्षी अख्ख्या गावानं बीटी कपाशी लावली होती. तिच्या पाकिटात साध्या बियाण्याची वेगळी पुडी यायची, कडेनं पेरायला, म्हणजे अळी तिकडं गुंतेल. कोणी पेरत नव्हतं. तू ती मला गणिताला दिलीस, बिया मोजायला. बेरीज चुकली की तेच बी जमिनीवर पसरून त्यावर माझे गुडघे टेकवायचीस. पुढं बोंडात गुलाबी अळी आलीच, पण तो विषय वेगळा.

चौथीत गुरुजी घरी आले. निवासी शाळेच्या परीक्षेला कोणाला बसवायचं ते ठरायचं होतं, आणि तू गल्लीभर सांगून ठेवलं होतंस, "माह्या पोराले धडाधड वाचता येते." शेजारची चाची दारात उभी. गुरुजी म्हणाले, "वाच रे." मी वाचलं. विहीर, बैल, तहान, मेलेला मालक. त्यांनी पुस्तक ओढून पाहिलं. "या पानावर बैलच नाही बे. कुठून आणला?" चाची खो खो हसली. "पाणी पिऊन गेला असंन, गुरुजी!"

तेव्हा तू तव्यावरची भाकरी उलटवत म्हणालीस, "मले पैल्याच महिन्यात समजलं होतं, गुरुजी. एकच धडा रोज नवा कसा निघते? पण दिवसभर वाकून आल्यावर घरात कोणी तरी न थांबता बोलत होतं. आयकून घेत होती."

परीक्षेला दुसराच पोरगा बसला. माझ्या कंबरेला तू सकाळी कापूस वेचणीचं फडकं बांधलंस आणि माझी शाळा तिथंच संपली. वाचायला मी नंतर शिकलो, हॉटेलच्या पाट्या पाहून, कोणी ऐकत नसताना. तू मेल्याचा फोन आला तेव्हा ढाब्यावर जेवत होतो. जेवण संपवलं. वर भात मागितला. हे तुला कळावं असं फार वाटतं.

जीप भरली. त्या बाईचं पोरगं अजून त्याच ओळीवर आहे. तिनं त्याला पाणी दिलं.

एक राहिलं. गुरुजींना तू तसं काही बोलली नव्हतीस. पुस्तक चुलीत घातलंस, काडी घेतलीस, आणि चाची निघून गेली तरी थांबली नाहीस. भाकरी उलटवणं, पैला महिना, आयकून घेत होती, हे सगळं मी आत्ता मनानं लावून दिलं. चाची हसली तिथपर्यंत लिहीत आलो आणि हात अडला. हात अडला तशी, काडी बसणार म्हणून, मांडी आखडली.